रविवारी सूड नाही

क्षमा करणे मला जमत नाही. हा स्वभावदोष आहे असे मला अनेकांनी सांगितले आहे आणि ते मी नाकारीत नाही. परंतु वेदनेविषयी मला जे काही ठाऊक आहे ते ज्या बाईंनी शिकवले, त्यांनी हा दोष काढून टाकण्याचा कधी प्रयत्न केला नाही. त्यांनी तो कामाला लावला.

त्यांचे नाव सालोमी रणपिसे. शिरूरच्या मिशनच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांना सालोमी हे नाव परके वाटे, म्हणून त्यांनी त्याचे परस्पर साळू करून टाकले होते. साळू सिस्टर. बाईंना हे नाव आवडत नसे, पण त्या नावाने हाक मारणाऱ्या माणसाला काहीतरी दुखत असणार हे गृहीत धरून त्या ओ देत.

माझी त्यांची गाठ पडली ती दौंडच्या एका डॉक्टरांमुळे. त्या डॉक्टरांचे नाव मी येथे लिहीत नाही. लिहिले तर ते टिकेल, आणि तेवढेही त्यांना द्यावे अशी माझी इच्छा नाही. माझे वडील रेल्वेत गार्ड होते आणि आम्ही दौंडला क्वार्टरमध्ये राहत असू. मी पाचवीत असताना माझ्या उजव्या नडगीत पू झाला, ताप चढला आणि मला स्टेशनजवळच्या त्या खाजगी दवाखान्यात नेण्यात आले. डॉक्टर हसून म्हणाले, "नुसतं बघतो हं. काही करत नाही." त्यांच्या हातातल्या टॉवेलखाली सुरी होती. कंपाउंडरने आणि बाहेरून बोलावलेल्या दोन हमालांनी मला धरले. वडिलांना डोके धरायला सांगितले आणि त्यांनी ते धरले. माझ्या छातीवर कोणाचा तरी गुडघा होता. त्यापुढचे मला काही आठवत नाही.

पू काढणे आवश्यक होते, हे मला आज कळते. लहानपणीही कोणी समजावले असते तर मला ते कळले असते. मला राग सुरीचा नव्हता, टॉवेलचा होता.

पुढे जखम भरेना. तीत कोंबलेली गॉजची पट्टी रोज ओढून काढायची आणि नवी भरायची, असा उपचार होता. पण स्पिरिटचा वास आला की मी पलंगाखाली शिरे आणि तेथून मला ओढून काढताना घरातली भांडी पडत. अखेरीस डॉक्टरांनी वडिलांना सांगितले की मुलगी अशीच वागली तर पाय कापावा लागेल. ही धमकी होती की निदान, ते आजही मला ठरवता आलेले नाही. घरात मात्र ते निदान म्हणूनच ऐकले गेले.

मांडवगण फराट्याची माझी आत्या त्या सुमारास भेटायला आली होती. तिने माझा पाय पाहिला, मग वडिलांकडे पाहिले.

"दादा, ह्या मानसाच्या हातात पोर दिऊ नगंस. शिरूरला मिशनात साळू शिस्टर हाय. तिच्याकडं ने."

"ती काय वेगळं करणार आहे?"

"ती खोटं बोलत न्हाई."

"दवाखान्यात खरं बोलून काय होतंय?"

"आधी चल तर खरा," आत्या म्हणाली. "न्हाई झालं काय तर हायेच की तुझा खाटीक."

शिरूरच्या ड्रेसिंगच्या खोलीत एक उंच टेबल, स्टोव्हवर उकळणारे भांडे आणि एक स्टूल एवढेच होते. बाई बुटक्या होत्या, अंगाने भरलेल्या, पांढऱ्या लुगड्याला इस्त्री अशी की घडीची रेघ दिवसभर मोडत नसे. त्या इस्त्रीचा त्यांना गर्व होता आणि तो त्या लपवीत नसत. त्यांनी वडिलांना बाहेर जायला सांगितले.

"पण धरायला कोण?" वडील म्हणाले.

"धरायला ती काय खोंड आहे? बाहेर बसा."

मग त्या स्टुलावर बसल्या. त्यामुळे टेबलावर बसलेली मी त्यांच्यापेक्षा उंच झाले. त्यांनी उकळलेला चिमटा गार करून माझ्याच हातात दिला.

"उघड, मीट. बघितलास? ह्यानं पट्टी ओढायची. ओढताना दुखणार. किती, ते मला ठाऊक नाही, पाय तुझा आहे. दुखलं की हे बोट वर कर. मी थांबेन."

"आणि नाही थांबलात तर?"

"करून बघ."

चिमटा पुन्हा उकळून त्या जवळ आल्या. त्यांनी हात लावण्यापूर्वीच मी बोट वर केले. त्या थांबल्या. बोट खाली घेतले, त्या पुढे सरकल्या. मी पुन्हा बोट वर केले. त्या पुन्हा थांबल्या. चेहऱ्यावर चीड नाही, कौतुकही नाही. हे किती वेळ चालले ते सांगता येणार नाही, पण बाहेर वडील खाकरू लागले होते. आज मी त्याला प्रयोग म्हणेन. त्यांना खोटे पाडण्यासाठी मी तो करीत होते आणि प्रत्येक वेळी निष्कर्ष तोच येत होता. शेवटी मीच कंटाळले.

पट्टीला चिमटा लागला तेव्हा मी रडू लागले. बाईंनी पायावरची नजर न हलवता विचारले, "कोणावर राग आहे?"

"दौंडच्या डॉक्टरवर."

"असणारच. काय करशील त्याला?"

"बांधीन."

"कशानं?"

"दोरीनं."

"सुताची का काथ्याची?"

मला विचार करावा लागला. "काथ्याची. ती टोचते."

"बरोबर. मग?"

"मग त्याच्या तोंडात मिरची कोंबीन."

"मिरची नको. शिंकून शिंकून दोरी सैल करेल. दुसरं काहीतरी बघ."

मी दुसरे शोधू लागले. ते सापडेपर्यंत पट्टी ट्रेमध्ये पडली होती.

अशा रीतीने तो उपचार सुरू झाला. मी आत्याबरोबर दवाखान्याच्या आवारातच राहिले आणि रोज सकाळी टेबलावर बसून त्या डॉक्टरांना नवी शिक्षा दिली. बाई तपशिलात फार काटेकोर होत्या. डॉक्टरांना विहिरीत टाकायचे ठरले तर विहीर कोणाची, पाणी किती, आणि ते पाणी नंतर कोण पिणार, हे सगळे त्या विचारीत. वेदना आणि विचार यांना एकाच वेळी लक्ष पुरवणे मेंदूला जड जाते, याचे शास्त्रीय विवेचन मी नंतर पुष्कळ वाचले. बाईंनी ते वाचलेले नव्हते आणि वाचले असते तरी ते त्यांना फारसे मोलाचे वाटले असते असे नाही. रुग्णांना त्या देवाचे नाव घ्यायला का सांगत नाहीत, असे आत्याने एकदा विचारले. "देवाचं नाव घेताना माणूस रडतं," त्या म्हणाल्या. "शिव्या देताना सरळ बसतं."

रविवारी मात्र हे बंद असे. त्या प्रार्थनेहून परस्पर, काठाच्या लुगड्यात येत, वरून एप्रन बांधीत आणि म्हणत, "आज सूड नाही."

"मग आज काय करायचं?"

"आज नुसतं दुखतं."

रविवार फार कठीण जात. बोट पुष्कळदा वर जाई आणि बाई पुष्कळदा थांबत. एका रविवारी मी चिडून विचारले, "तुमचा कोणावर राग आहे?"

त्यांनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला. "ते माझं ड्रेसिंग होईल तेव्हा विचार," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा चिमटा उचलला.

त्या संतवृत्तीच्या मुळीच नव्हत्या, हे नमूद करणे मला आवश्यक वाटते. नातेवाइकांशी त्या फटकून वागत. "काही होणार नाही" हे शब्द त्यांच्या खोलीत उच्चारणाऱ्याला त्या आडावरून पाणी आणायला पाठवीत, मग तो गावचा पाटील का असेना. चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या गृहस्थांनी एकदा त्यांच्या आवाजाविषयी काही म्हटले होते; त्यानंतर कित्येक वर्षे त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत आणि प्रत्येक रविवारी त्यांच्या अगदी मागच्या बाकावर बसून मोठ्याने गात राहिल्या. आवाज खरोखरच वाईट होता.

कारेगावचे एक आप्पा माझ्या डोळ्यांपुढे आहेत. मोठे बागायतदार, पल्लेदार मिशा, आणि हातावर गळू. ते फोडायचे म्हणताच आप्पा दारापर्यंत जाऊन आले.

"आप्पा, कोणावर राग आहे?"

"राग? आमचा कुनावर बी राग न्हाई बघा."

"सोसायटीच्या निवडणुकीत कोण आलं हो तुमच्या गावाला?"

आप्पा टेबलावर बसले. प्रथम आवाज खाली होता, मग चढला. प्रतिस्पर्ध्याचा आजा कसा बांध कोरीत असे येथपासून आरंभ झाला. गळू फुटले, पू गेला, पट्टी बांधून झाली.

"उतरा आप्पा, झालं."

"झालं? आवं, आजून त्याच्या मेव्हन्याचं ऱ्हायलंय की."

"ते उद्याच्या ड्रेसिंगला ठेवा."

आप्पा उतरले आणि दाराशी वळून म्हणाले, "उद्या जरा लौकर येतो. मेव्हना लांबलचक हाय."

माझा पाय बरा झाला. नडगीवर खोल खाच राहिली, ती आहे. निघताना मी बाईंना सांगितले की मी डॉक्टर होणार आहे.

"कशाला?"

"त्याला बघून घ्यायला."

वडिलांनी मला गप्प केले. बाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "कारण वाईट नाही. पुष्कळ जण ह्याहून वाईट कारणानं होतात. तुझा राग माझ्याकडे ठेव म्हणत नाही, तुझ्याजवळच राहू दे. फक्त पाय हलवू नको."

मी हलवला नाही. पुण्याला विज्ञान शाखेत गेले, मग वैद्यकीय महाविद्यालयात. शरीररचनेचा अभ्यास करताना मला झोप येऊ लागली की मी तो टॉवेल आठवीत असे. माझ्या वर्गातील मुली डॉक्टर होण्याची निरनिराळी कारणे सांगत. माझे कारण मी कोणाला सांगितले नाही. सुट्टीत मी घरी कमी आणि शिरूरला अधिक जात असे. बाई मला ट्रे धरू देत, मग कापसाचे बोळे करू देत, आणि अखेरीस चिमटा. मी कोठे चुकले तर त्या रुग्णादेखत सांगत. "तुला ठाऊक आहे म्हणून हात भरभर चालतो. त्याला ठाऊक नाही. त्याच्या वेगानं चाल."

मी अखेरच्या वर्षाला असताना, उन्हाळ्याच्या सुट्टीत, एके सकाळी बाई मला आवारातच भेटल्या. त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही उत्सुकता होती की जी मी पूर्वी पाहिली नव्हती.

"दौंडचा आलाय," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांच्या मानेखाली मोठी काळपुळी झाली होती. त्यांना मधुमेह होता. दौंडमध्ये त्यांच्या हाताखालून न गेलेले घर विरळेच, आणि तेथे कोणाच्या दृष्टीस पडण्याची त्यांची तयारी नव्हती. मिशनच्या मोठ्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी ती कापली होती. आता रोजचे ड्रेसिंग होते: सडलेला भाग चिमट्याने थोडा थोडा काढायचा आणि पट्टी भरायची.

ते टेबलावर पालथे पडले होते. वयाने खूप म्हातारे नव्हते, पण पाठ थरथरत होती. मला त्यांनी ओळखणे शक्य नव्हते. बाईंनी चिमटा माझ्या हातात दिला.

"दोन माणसं बोलवा," डॉक्टर म्हणाले. "धरायला. मी हलेन."

"इथं कोणी धरत नाही," बाई म्हणाल्या.

"अहो, मी सांगतोय ना, हलेन मी."

"हला. मग थांबू." त्यांनी बोटाचा नियम सांगितला, चिमटा दाखवला आणि तो कोठे लागणार तेही सांगितले. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. त्यांना ते ऐकायचे नव्हते; कोणी छातीवर बसले असते तर त्यांना सोयीचे झाले असते, हे मला स्पष्ट दिसत होते. स्वतःच्या इच्छेने पडून राहणे ही गोष्ट त्यांनी कोणाला शिकवली नव्हती आणि त्यामुळे त्यांना स्वतःलाही येत नव्हती.

मी सुरुवात केली. बाई त्यांच्या डोक्याशी स्टुलावर बसल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, कोणावर राग आहे?"

"काय?"

"राग. कोणावर तरी असेलच. बोलत राहा, बरं पडतं."

ते काही वेळ कण्हत राहिले. मग म्हणाले, "पेशंटांवर. हलतात. सगळे हलतात. आपण त्यांच्या भल्यासाठी करायचं आणि ते..." त्यांनी उजवा हात टेबलाखालून वर आणला. अंगठ्याच्या मुळाशी पांढरट, चंद्रकोरीसारखा वण होता. "हा बघा. एक पोरगी होती, गार्डाची. नडगीत पू. एवढीशी, चार जणांनी धरलेली, तोंड दाबायला गेलो तर चावली. हाडापर्यंत. महिनाभर हातात सुरी धरता आली नाही. थंडीत अजून ठणकतं."

बाईंनी माझ्याकडे पाहिले.

मला हे आठवत नव्हते. माझी स्मृती छातीवरच्या गुडघ्यापाशी संपत होती. इतकी वर्षे मी ज्या सुडाची तयारी करीत होते तो मी त्याच क्षणी घेतला होता, आणि त्याचा पुरावा ते हातावर वागवीत होते. मला इतका आनंद झाला की चिमटा स्थिर ठेवण्यासाठी मला श्वास रोखावा लागला.

"ती मीच," मी म्हणाले.

पाठीची थरथर थांबली. त्यांनी मान वळवण्याचा प्रयत्न केला, ती वळली नाही. मग त्यांचे बोट वर आले.

मी थांबले. चिमटा ट्रेमध्ये ठेवला, त्यांना तो तेथे ठेवल्याचा आवाज येईल असा.

"तूच करणार आहेस?"

"होय."

"आणि मी थांब म्हटलं तर?"

"आता थांबलेच आहे."

त्यांनी बोट खाली घेईपर्यंत मी हात बांधून उभी राहिले. ते माझ्यासाठी कधी थांबले नव्हते, ही गोष्ट आम्हा तिघांना ठाऊक होती, आणि मी जितका वेळ थांबत होते तितका वेळ ती त्या खोलीत उभी होती. काथ्याची दोरी, विहीर, मी रचलेली एकूण एक शिक्षा यापुढे पोरकट होती.

"हे आता दुखणार आहे," मी त्यांना सांगितले, आणि चिमटा उचलला.

त्या दिवशी बोट पुष्कळदा वर आले. प्रत्येक वेळी मी थांबले. पुढे ते रडू लागले. ते दुखण्यामुळे की कशामुळे, याची चौकशी मी केली नाही. हात मी हलका ठेवला. तो हलका ठेवण्यात मला जे सुख मिळाले ते दयेचे नव्हते आणि मी तसे भासवणार नाही.

हात धुताना बाईंनी विचारले, "झालं समाधान?"

"नाही."

"बरं आहे. समाधान झालं की हात जड होतो. उद्या पुन्हा तूच कर."

ते बरे होईपर्यंत मीच केले. दौंडला परतल्यावर ते सुधारले किंवा नाही हे मी कोणाला विचारले नाही. त्यांना सुधारणे हा माझा विषय कधीच नव्हता.

बाईंची शेवटची भेट मी डॉक्टर झाल्यानंतरची. त्यांच्या छातीत पाणी झाले होते आणि ते पाणी कशामुळे झाले हे त्यांना आणि मला दोघींना कळले होते. पुण्याला यायला त्यांनी नकार दिला. पाणी सुईने काढायचे होते. मोठे डॉक्टर ते करणार होते, पण बाई म्हणाल्या, "तिला बोलवा." मी पहिल्या एस.टी.ने गेले.

त्यांना त्याच टेबलावर, उशीवर पुढे रेलून बसवले होते. पांढऱ्या लुगड्याला इस्त्री होती. कोणाकडून करून घेतली होती कोण जाणे. अंग उतरले होते. मी स्टुलावर बसले आणि सुई त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती नीट पाहिली, जणू प्रथमच पाहत होत्या, आणि परत केली. मी ती पुन्हा उकळायला टाकली.

"बरगड्यांच्या मधून जाणार," मी सांगितले. "आधी बधिर करीन, ती टोच झोंबेल. मग दाब लागेल. खोकला येईल. दुखणार आहे."

"कळलं."

मी त्यांच्या पाठीशी गेले. बधिर करून झाल्यावर, सुई लावण्यापूर्वी, मी इतकी वर्षे राखून ठेवलेला प्रश्न विचारला.

"सिस्टर, कोणावर राग आहे?"

त्यांच्या पाठीवरून मला श्वास मोजता येत होता.

"आज वार कुठला?"

"बुधवार."

"रविवार धर," त्या म्हणाल्या.

रुग्णाच्या खोलीत त्यांनी सत्याला दिलेली ही एकच बगल मला ठाऊक आहे. मी सुई आत घातली. पाणी येऊ लागले, गढूळ, तांबूस. बाई खोकल्या, मग स्थिर झाल्या. अर्धे पाणी निघाले असेल नसेल, तोच उशीवरच्या हाताचे बोट वर आले.

मी थांबले. "काय झालं, सिस्टर?"

त्यांनी मान किंचित वळवून, खांद्यावरून, माझ्या हाताकडे पाहिले. हात जागच्या जागी होता. तो तसाच राहतो आहे ना, हे त्यांनी नीट पाहून घेतले. मग त्यांनी चेहरा पुन्हा उशीकडे वळवला आणि बोट खाली घेतले.

त्यांचा रविवार त्यांनी पाळला. मला मात्र बुधवारच होता, रागाचा.